सुईमागचा दोरा

मेंढी सुईनेच मारली, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. सुईच्या घरातही नव्हती. भरदुपारी, उघड्या माळावर, मेंढपाळाच्या डोळ्यांदेखत तिने कळपातली चांगली पोसलेली मेंढी वेगळी काढली, हाकेच्या अंतरापर्यंत पळवली आणि मानेला धरून खाली आणली. मग तोंडाला चिकटलेली लोकर जिभेने काढत बाजूला उभी राहिली, नेमून दिलेलं काम पुरं केलेल्या माणसासारखी. शाबासकीची वाट बघत.

माग्या ओढ्यावरून धावत आला तोवर मेंढीचे पाय हलायचे थांबले होते.

माग्या म्हणजे सुईचा मालक. रानात जनावराचा माग काढण्यात उभी हयात गेली म्हणून माग्या. पाळण्यातलं नाव आता त्यालाही दोनदा विचारावं लागलं असतं. पूर्वी शिकारीला मोठे लोक यायचे तेव्हा पुढे माग्या आणि मागे बंदूक असायची. फोटोत मात्र बंदूक पुढे यायची आणि माग्या चौकटीबाहेर राहायचा. शिकारी बंद झाल्या. म्हाताऱ्याकडे उरली ती कुत्र्यांची एक जात, लांब पायांची, खोल छातीची, दोन्ही पंजांत मावेल अशा कंबरेची. त्यातली ही शेवटची. काटेरी कुंपणातून अंगाला ओरखडा न उठता आरपार जायची, म्हणून सुई.

घरात माणसं तिघंच. माग्या, लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करणारा त्याचा मुलगा, आणि सून. पोट करवतीवर चालायचं, पण घराला गावात जी काही किंमत होती ती सुईमुळे. शिवारात मका उभा राहिला की रानडुकरं यायची, आणि त्यांना शिवेबाहेर घालवायचं काम या घराकडे. सुई डुकराशी झुंजायची नाही. ती नुसती मागे लागायची. पळता पळता डुकराला कळायचं की मागचं जनावर आपल्याआधी दमणार नाही, आणि ते पुन्हा त्या बांधाला तोंड दाखवायचं नाही. या कामाबद्दल प्रत्येक शेतातून कणसांची पाटी माग्याच्या दारात यायची आणि वाटेत भेटणारा माणूस आधी बोलायचा. दुसऱ्या गोष्टीचं मोल म्हाताऱ्याला पहिल्याहून जास्त होतं.

या जातीतलं ज्याला कळत नाही त्याला सुई उपाशी वाटायची. तिच्या शेवटच्या फासळ्या दिसतात म्हणून बायका सुनेला टोमणे मारायच्या, की घरातलं सगळं तुम्हीच खाता वाटतं. सून म्हणायची, फासळ्या दिसल्या नाहीत तर मला काळजी वाटेल. तुमच्या पोसलेल्याला एकदा माळ ओलांडून दाखवायला सांगा, मग बोलू. पळून आल्यावर सुईला लगेच खायला द्यायचं नाही. धाप बसू द्यायची, पंजे उलटे करून बोटांमधले काटे काढायचे, तळव्यांना तेल लावायचं. अंगावर मांस कमी, म्हणून निजायला पोत्यांची जाड गादी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. राखणीला ही जात कुचकामी. चोराला बघून सुई भुंकायची नाही. चोर पळाला तर मात्र त्याचं कठीण होतं.

आणि मनाने हळवी. एकदा मुलगा घरात मोठ्याने ओरडला, तेही सुनेवर, तर सुई दिवसभर जेवली नाही. सून जेवली.

त्या घरात एक शब्द जपून वापरावा लागायचा. घरातून निघालेल्याला 'जा' म्हणायचं नाही, 'ये' म्हणायचं, ही बोलण्याची रीत सगळ्यांचीच आहे. निघणारा 'येतो' म्हणतो, मागे राहणारा 'ये' म्हणतो, आणि जायचं ते जातंच. माग्याने ही रीत कुत्र्यांनाही लावली होती. रानात जनावर सोडताना तोंडातून 'जा' गेलं आणि ते परतलंच नाही तर काय, म्हणून तो मानेवरचा हात काढायचा आणि म्हणायचा, ये. सुईसाठी 'ये' म्हणजे सुट. परत बोलवायला शब्द नव्हताच. मांडीवर थाप मारली की ती यायची.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने कौतुकाने जेवणाचं भांडं पुढे करून ये, ये म्हटलं, आणि सुई भिंतीवरून उडी मारून गेली ती दिवेलागणीला तोंडात ससा घेऊन आली. तेव्हापासून त्या घरात माणसंसुद्धा एकमेकांना 'इकडे बघ' म्हणून बोलवायची. ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. माग्याची सक्त ताकीद होती.

*

मेंढपाळाने मेलेली मेंढी खांद्यावर टाकून आणली आणि गावच्या कचेरीच्या पायरीवर ठेवली. तिथे बसला तो पुढारी येईपर्यंत उठला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. आज मेंढी गेली, उद्या कळप जाईल. रक्त चाखलेलं कुत्रं सुधारत नाही, त्याला गोळी घाला.

पुढारी हा दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं देऊन स्वतःकडे सगळं ठेवणारा माणूस. मेंढपाळाला नाराज करायचं नव्हतं, आणि स्वतःचा मका तुऱ्यावर आला होता. त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. नंतर म्हणाले, गोळी नको. आजपासून कुत्री दोरीला राहील. सुटलेली दिसली तर मात्र आमचे मेहुणे बघून घेतील. मेहुण्यांकडे गावातली एकमेव बंदूक होती, आणि ते मागे भिंतीला टेकून आपल्याला काही कळत नसल्यासारखा चेहरा करून उभे होते.

माग्या मान खाली घालून होता. मुलगा वखारीतून तसाच आला होता, भुवयांवर लाकडाचा भुसा. तो हो हो म्हणत राहिला, न विचारलेल्या गोष्टींनाही. सून तेवढी उठून घरी गेली आणि दुभती शेळी ओढत घेऊन आली. दावं मेंढपाळाच्या हातात दिलं. "मेंढी आमच्या कुत्रीने मारली. ही घ्या. दूध काढताना डाव्या बाजूला बसा, उजवीकडे लाथ मारते." ती एवढंच बोलली. माफी मागितली नाही. ते बायकांच्या लक्षात आलं.

कोंडवाड्यात भटकी जनावरं बांधायची एक जाड दोरी होती. पुढाऱ्यांनी ती मागवून माग्याच्या हातात ठेवली. दोरीसकट म्हातारा बाजारातून चालत घरी गेला. कुणीही आधी बोललं नाही.

*

सुईला अंगणातल्या खांबाला बांधलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं ही काहीतरी चूक आहे. ती शहाण्यासारखी बसून राहिली, दोरी संपते तिथपर्यंत जाऊन परत यायची आणि घरातल्यांकडे बघायची. दुसऱ्या दिवसापासून खांबाभोवती फिरायला लागली. जमिनीत गोल चर पडला. मग पुढचा पंजा चाटायला लागली, आणि चाटत राहिली, केस गेले, कातडी गेली, खालचं लाल दिसायला लागलं. सून पंजाला फडकं बांधायची, ती ते दातांनी सोडायची. ओरडली मात्र नाही. ओरडली असती तर बरं, असं माग्या म्हणायचा. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून असायचा, आणि तिने भांड्याला तोंड लावलं नाही की याचंही ताट तसंच परत यायचं.

मुलगा जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, जरा गुंगीच्या गोळ्या द्या, शांत राहील. सुनेने त्या उकिरड्यावर फेकल्या. दुसऱ्या दिवशी, तिथेच चरणारा शेजारचा कोंबडा उन्हं कौलांवर आल्यावर आरवला.

त्याच सकाळी सून नवऱ्याला म्हणाली, "पुढारी नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द सांगा."

"कुत्री दोरीला राहील."

"खांबाला म्हणाले?"

"नाही."

"खुंट्याला?"

"अगं, दोरीला म्हणजे काय ते कळत नाही का?"

"दोरीला म्हणजे दोरीला. दुसऱ्या टोकाला काय असावं ते कुठे सांगितलंय."

तिने नवऱ्याची जुनी विजार घातली, पायांचा घेर तळाशी सुतळीने आवळला, आणि खांबाची गाठ सोडून दोरी स्वतःच्या कंबरेला बांधली. नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, म्हणतीलच, तुम्ही वखारीत करवतीच्या आवाजात उभे असता, तुम्हाला ऐकू येणार नाही. आणि दारातून बाहेर पडली.

*

सुईचा दुडका म्हणजे माणसाचं जीव घेऊन पळणं. पहिल्या दिवशी सून पिठाच्या गिरणीसमोर तोंडावर पडली. ओढली गेली, गुडघे फुटले, तोंडात माती गेली. गिरणीवाला पीठभरल्या हातांनी दारात आला. त्याला उचलून उभं करायचं सुचलं नाही, विनोद सुचला.

"सुई गेली पुढे," तो म्हणाला, "आणि मागून दोरा."

गिरणीत दळणाला आलेल्या सगळ्या हसल्या. संध्याकाळपर्यंत ते नाव गावभर झालं. तोवर ती माग्याची सून होती; आता दोरा झाली. पाण्याच्या नळावर बायका म्हणायच्या, सरका गं, दोरा आला, पायात अडकेल. कुणीतरी तिचा हंडा रांगेतून मागे सारायचं. ती तो उचलून पुन्हा होता तिथे ठेवायची आणि कुणाकडे बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. तिसऱ्या दिवशीही. बाहेरच्या रस्त्याने गेली असती तर कमी लोकांनी पाहिलं असतं, पण ती मुद्दाम गावातून जायची. कचेरीवरून, पुढाऱ्यांच्या ओट्यावरून, बाजाराच्या मधोमध, आणि मग माळावर. गावाने कुत्री दोरीला ठेवायला सांगितलं होतं, तर गावाने ती दोरीला बघावी, असा तिचा हिशेब. पुढारी ओट्यावर दात घासत असायचे. हुकूम मोडला म्हणावं तर दोरी होती, पाळला म्हणावं तर डोळ्यांवर येत होतं. ते ब्रश तोंडात धरून नुसते बघायचे.

कंबरेला दोरीचे वळ उठले, फुटले, त्यांवर खपली धरली आणि पुन्हा फुटले. रात्री कूस बदलताना तिच्या तोंडून आवाज निघायचा तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून जागा असायचा. पण सुई खायला लागली होती. पंजावर कातडी धरत होती.

अडचण वेगळीच निघाली. पूर्वी माग्या सुईला परसातून थेट रानात न्यायचा, गावातून कधीच नाही. गावात जो तो दिवसभर 'ये' म्हणत असतो. आई दारातून पोराला म्हणते, ये अंघोळीला. म्हातारी सुनेला म्हणते, ये गं जरा. हा शब्द कानावर पडला की सुईला वाटायचं, आपल्याला सोडलं, आणि ती सुटायची. मागून दोरा फरफटत. माणूस एखाद्या घरावरून नीट चालत जातंय आणि पुढच्याच घरापाशी काही कारण नसताना भुईवर लोळतंय, हे पाहून गावाची चांगली करमणूक व्हायची. न्हावी गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचा, त्याचा त्रास नव्हता. आदराने बोलणाऱ्यांकडून धोका नव्हता. धोका होता तो मायेने बोलणाऱ्यांकडून.

*

माळावर मेंढवाडा होता. मेंढपाळ कळप घेऊन गेलेला असायचा, मेंढपाळीण वाड्याच्या दाराशी लोकर विंचरत बसलेली. आधी ती सुईला बघून मेंढ्यांची पिल्लं आत घ्यायची. हळूहळू दगडावर पाण्याचा तांब्या ठेवायला लागली. एके दिवशी सून पाणी पीत असताना तिने विंचरणं थांबवलं.

तिच्या मनात एक गोष्ट टोचत होती. नवऱ्याने कचेरीत सगळं सांगितलं होतं, पण एक सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्या दुपारी तो जेवायला बसला होता. म्हातारा ओढ्यावर तोंड धूत होता आणि कुत्री आपल्या आपण बांधावर उभी होती. मेंढपाळाला ती आवडायची. त्याने ताटातला घास तिच्यापुढे धरला.

"लाडाने म्हणाले हो, ये, ये. ती बिचारी इकडे तिकडे बघायला लागली, कुठे म्हणून विचारल्यासारखी. आणि पुढे हे असं. आपण होऊन आली नव्हती ती कळपात. तेवढं मनात राहिलं होतं."

सुनेने तांब्या खाली ठेवला. त्या दिवशी परत येताना ती सुईच्या पुढे पळत होती.

घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा उभाच राहिला. आत्ताच्या आत्ता कचेरीत जाऊ, म्हणाला. मेंढपाळाने स्वतः सोडलं, आपला काय दोष, शेळी परत मागू. माग्या खांबाला टेकून ऐकत होता. त्याने मुलाला बसायची खूण केली.

"सांग," तो म्हणाला. "उद्यापासून कुंपणाला पोरं लटकतील आणि दिवसभर तो शब्द ओरडतील. कोंबड्यांवर सोडतील, वासरांवर सोडतील. पुढाऱ्याचा मेहुणा तर हौसेने म्हणेल, बंदूक भरून."

मुलगा बसला. बरोबर होतं. घर सोडवणारी गोष्ट हातात होती आणि ती तोंडातून काढता येत नव्हती.

"सांगायचं नाही," सून म्हणाली. "शब्दच काढून टाकायचा."

"माझा शब्द?" माग्या म्हणाला.

"तुमचा एकट्याचा असता तर हात लावला नसता, मामा. तो सगळ्या गावाच्या तोंडात आहे."

म्हाताऱ्याने सुईच्या मानेवर हात ठेवला. त्याने त्या शब्दावर कुत्र्यांच्या पिढ्या सोडल्या होत्या.

*

सुनेने शिकवायला घेतलं. या जातीला मारून शिकवता येत नाही. मारलं की ती शिकत नाही, फक्त तुम्हाला विसरायचा प्रयत्न करते. ओरडूनही नाही. सुनेने आपलं वजन वापरलं. गल्लीत कुठेही 'ये' ऐकू आलं की ती मटकन खाली बसायची, चिखल असो, शेण असो. दोरी ताठ व्हायची, सुई मागे वळून बघायची. सून गप्प बसून राहायची. धाप बसली की सुईच्या मानेवर तळहात ठेवायची, थांबायची, आणि हात उचलला की दोघी पळायच्या. शब्द नाही. नुसता हात.

गावाला वाटलं, दोऱ्याचं डोकंही फिरलं. भर बाजारात, न्हाव्याच्या दुकानासमोर, तालमीत बैठका मारल्यासारखी मध्येच बसते. बायका दारात यायच्या. मुलं तिच्या समोर बसायची. ती बसायची, उठायची, पळायची. तिचे पाय आता पूर्वीचे राहिले नव्हते. पोटऱ्यांना गाठी आल्या होत्या, आणि पडणं तर ती विसरलीच होती.

मका दुधातून दाण्यावर येत होता तेव्हा एका सकाळी दोघी घरी परतत होत्या. माग्या पायरीवर बसला होता. सुई त्याच्या समोरून जाताना त्याने हळूच, पूर्वी रानात म्हणायचा त्याच आवाजात म्हटलं, ये.

सुईचे कान उभे राहिले. मागचे पाय दबले. आणि तिने मान वळवून सुनेकडे पाहिलं.

सून काहीच करेना. सुई उभी राहिली.

म्हातारा उठून आत गेला. बराच वेळ आतून पेटी उघडल्याचा, वस्तू हलवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात रुंद चामड्याचा पट्टा होता, शिकारीच्या दिवसांतला, घामाने काळा पडलेला. त्याने तो सुनेपुढे धरला. दोरी याच्यावर बांध, कंबर कापणार नाही, म्हणाला. आणि आपण होऊन ताटावर बसला.

*

डुकरं आली ती उजाडताना. इतके दिवस शिवारातून वारा एकटाच फिरत होता, ते त्यांना कळलं असणार. मोठा कळप होता. पुढाऱ्यांच्या शेतात शिरला आणि मका आडवा करत पुढे निघाला. लोक डबे वाजवत, काठ्या घेऊन धावले. डुकरं एका बाजूने हाकलली की दुसऱ्या बाजूने शिरायची. मेहुणे बंदूक घेऊन आले खरे, पण पिकात सगळीकडे गावचीच डोकी. ते बंदुकीचं तोंड आकाशाकडे करून उभे राहिले.

सून आणि सुई नेहमीच्या वेळी नेहमीच्या वाटेने आल्या. सुईला पिकातली हालचाल दिसली मात्र, ती दोरीच्या टोकाला उभी थरथरायला लागली. घशातून बारीक आवाज येत होता, चाकाला तेल नसल्यासारखा. सुनेने टाचा रोवल्या. पट्टा कंबरेत रुतला.

पुढारी बांधावरून धावत आले. एका पायात चप्पल नव्हती.

"सोड तिला."

"सुटलेली दिसली तर गोळी आहे," सून म्हणाली.

"मी सांगतोय ना, सोड. मीच सांगितलं होतं, मीच सांगतोय."

"आज सोडते. उद्या?"

पुढाऱ्यांनी मागे पाहिलं. मेंढपाळ काठी घेऊन उभा होता, सगळं गाव उभं होतं. अर्धं इकडे अर्धं तिकडे देण्याची त्यांची सवय अशा वेळीही सुटली नाही. "उद्याचं उद्या बघू. आधी डुकरांचं बघ."

"मग डुकरांचंही उद्याच बघा."

क्षणभर नुसता मका मोडल्याचा आवाज आला. मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, बाईला मस्ती आली. कुणी म्हणालं, अगं तुमच्या घरचंही धान्य जातंय त्यात, पाटीभर कणसं कोण देणार. हे खरं होतं, आणि ते तिच्याइतकं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा गर्दीतून पुढे आला, तिच्या कानाशी लागला, एवढ्या वेळचं ऐक म्हणाला. हात जोडण्यापर्यंत आला. ती त्याला हळू आवाजात म्हणाली की आज कामापुरती सोडली तर ती कामापुरतीच राहील, बाकीचे दिवस खांबाला, आणि खांबाला ती कशी होते ते तुम्ही पाहिलंय.

लोक माग्याकडे वळले. तो बांधावर बसला होता. "मला काय विचारता," तो म्हणाला. "दोरीचं टोक तिच्याकडे आहे." असं म्हणताना तो गावाच्या डोळ्यांत बघत होता.

मागून एक शेतकरी रडवेल्या आवाजात सुनेला म्हणाला, अगं ये, ये बाई, सोड की. सुईने कान हलवला. सुनेकडे पाहिलं. सुनेचा हात तिच्या मानेवर होता आणि तो तिथेच राहिला.

"आमची फेरी राहिलीय," सून म्हणाली.

पळतं जनावर डोळ्यांसमोर असताना या जातीला पाठ फिरवायला लावणं म्हणजे पाण्यात पडलेल्याला श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं. सुनेने सुईचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरलं, वळवलं, तशीच चार पावलं चालली, आणि मग हात उचलला. सुई पळाली, गावाच्या दिशेने. मागे दोरा. मागे डुकरं खात राहिली, पोट भरेपर्यंत.

*

पुढाऱ्यांचा जवळजवळ सगळा मका गेला, शेजारच्यांचा निम्मा, आणि शिवाराच्या टोकाला माग्याने बटाईने लावलेला तुकडाही गेला. नळावर त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. सुनेला सगळ्यांनी जागा दिली, जवळून जाताना अंग चोरलं. तिने पाणी भरलं. हंडा डोक्यावर घेतला आणि मागे न बघता निघाली. घरी आल्यावर तिने सुईचे पंजे बघितले, तेल लावलं, आणि तिच्या पोटावर डोकं ठेवून भरदिवसा झोपली.

संध्याकाळी गिरणीवाला निरोप घेऊन आला. पुढारी म्हणतात, दोरीचं काय ते आपसात समजून घ्या. त्याने हे दोनदा सांगितलं, कारण त्यालाही अर्थ लागला नव्हता.

"आपसात म्हणजे मी आणि सुई?" सून म्हणाली. "आमचं समजलंय. त्यांचं कचेरीत येऊन सांगा म्हणावं, सगळ्यांसमोर, जसं तेव्हा सांगितलं होतं."

पुढारी कचेरीत आले, बसले, इतर बरीच कामं केली आणि उठून गेले. दोरीचा विषय निघाला नाही. कुणी काढलाही नाही. डुकरं अजून ओढ्यापलीकडे होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सून घरातून निघाली. तीच विजार, तोच रस्ता. सुई तिच्या उजव्या पायाशी चालत होती, आणि दोघींच्या मध्ये काही नव्हतं. बाजारात झाडू थांबले. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर राहिला. एका दारातून कुणीतरी पोराला ये म्हणालं. सुईने मानही वळवली नाही. मेहुणे आपल्या ओसरीवर होते. त्यांनी आधी सुईकडे पाहिलं, मग आपल्या उरलेल्या शेताकडे, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

पुढारी ओट्यावर दात घासत होते. त्यांनी ब्रश बाहेर काढला. काहीतरी बोलणं भागच होतं.

"दोरी कुठाय?"

"धुतलीय," सून न थांबता म्हणाली. "वाळली की बांधते."

पुढाऱ्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी चूळ भरली, ती बराच वेळ तोंडात खुळखुळवली, आणि दोघी माळाच्या वळणाला लागेपर्यंत थुंकली नाही.

शिवारातून डुकरं गेली. कशी गेली, कुणी विचारलं नाही. उरलेला मका घरी आला, आणि दाराशी पाट्या आल्या, लहान लहान. थंडी सरली, उन्हाळा आला, विहिरी तळाला गेल्या. ती दोरी माग्याच्या अंगणात तारेवर अजून आहे. कुणी कचेरीतून चौकशीला आलं तर सून हातातलं काम ठेवून उठते, दोरीला दोन बोटं लावून बघते आणि म्हणते, ओलसर आहे.